विमान येतं, मग ग्लायडर का जमत नाही?

इंदूरच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. सेसना १७२ या छोट्या विमानावर त्याचे दीडशेच्या आसपास तास झालेत, सोलो (एकट्यानं उड्डाण) आणि क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचं उड्डाण) दोन्ही झालंय. सुट्टीत तो चार दिवस ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनचं विमान, शिकायला गेला. नऊ लॉन्च मिळाले, म्हणजे नऊ वेळा केबलनं ओढून वर सोडलं. वळण घेताना नाक भलतीकडेच जायचं, मागच्या सीटवरून इन्स्ट्रक्टर सारखे "पाय, पाय" (म्हणजे पेडल दाबा) करत होते, गोल गोल फिरताना मळमळलं, आणि दोनदा असं झालं की निम्म्याहून जास्त मैदान मागे पडलं तरी ग्लायडर जमिनीला टेकेना. त्याच बॅचमध्ये बारावीतली एक एनसीसी कॅडेट होती, प्रथमच कॉकपिटमध्ये बसलेली. तिसऱ्या दिवशी तिची वळणं याच्यापेक्षा नीट व्हायला लागली. त्यानं तीन गोष्टी विचारल्यात: मला विमान खरंच येतं का, अजून किती लॉन्च लागतील, आणि याचा विमानात काही उपयोग होईल का.

मीही इंदूरचाच, रामबागेतला. आधी विमान शिकलो, नंतर ग्लायडर, आणि पुढची बरीच वर्षं दोन्ही शिकवलं. तुमच्यासारखे दीडशे-दोनशे तासांचे पायलट माझ्या पुढच्या सीटवर पुष्कळ बसले, आणि पहिल्या दहा लॉन्चमध्ये जवळजवळ सगळ्यांचं हेच झालं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला विमान येतं. याबद्दल मनात शंका ठेवू नका. पण विमानात तुमच्या बारीकसारीक चुका इंजिन रोज भरून काढत होतं. उंची थोडी कमी पडली, थोडी पॉवर दिली. फायनल (धावपट्टीच्या रेषेतला उतरण्याचा शेवटचा टप्पा) लांबली, थोडी पॉवर दिली. वळणात वेग पडला, पुन्हा थोडी पॉवर. विमान असंच उडवायचं असतं, त्यात वावगं काही नाही. फक्त त्याचा परिणाम असा होतो की चूक झाल्याचं नीट कळण्याआधीच ती भरून निघालेली असते, आणि निर्णय थोडा पुढे ढकलला तरी चालतं अशी अंगाला सवय लागते. ग्लायडरमध्ये केबल सुटली त्या क्षणी जी उंची हाताशी आहे तेवढीच शिदोरी. वाटेत वर चढणारी हवा भेटली तर भर पडेल, नाहीतर नाही. तिथे चूक दिसते, आणि लगेच दिसते. त्या कॅडेटकडे विसरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती पुढे गेली. साधारण विसाव्या-पंचविसाव्या लॉन्चपर्यंत तुमचा अनुभव तुमच्या बाजूनं बोलायला लागेल, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. विंचनं (जमिनीवरून केबल गुंडाळणाऱ्या यंत्रानं) लॉन्च होतोय की टग विमानानं ओढून नेतायत, ग्लायडर कुठलं आहे, दिवस सलग मिळतायत की महिन्यातून एकदा, हंगाम कोणता, आणि तुमच्या पहिल्या इन्स्ट्रक्टरनं पायांबद्दल किती आग्रह धरला होता. शेपटीला चाक असलेल्या विमानावर शिकलेल्यांचे पाय जागे असतात, त्यांना ग्लायडर लवकर जमतं. सेसनाचं नाकाखालचं चाक फार सोशिक आहे.

आता पायांकडेच येऊ. स्टिक (हातातली दांडी) डावीकडे नेली की उजव्या पंखाचा एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातो, तो पंख जास्त उचल देतो आणि त्याबरोबर हवेचा अडथळाही जास्त निर्माण करतो. म्हणजे डावीकडे वळायचंय, पण उजवा पंख मागे खेचला जातोय आणि नाक उजवीकडे ढळतंय. हे सेसनातही होतं. पण सेसनाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११ मीटर, आणि एलरॉनची रचनाच अशी असते की हा परिणाम बराचसा दबतो. प्रशिक्षणासाठी सर्रास वापरलं जाणारं एएसके-२१ हे जर्मन ग्लायडर घ्या, त्याचे पंख १७ मीटर. लांब दांड्याच्या टोकाशी लावलेला थोडासा जोरही मधल्या खुंट्याला फिरवतो, तसंच हे. शिवाय वेग कमी असतो, आणि वेग जितका कमी तितकं हे नाक ढळणं जास्त. म्हणून स्टिक आणि पेडल (शेपटीची उभी पट्टी, म्हणजे रडर, हलवणारं) एकाच वेळी, एकाच बाजूला, आणि वळण स्थिर झालं की दोन्ही बऱ्याच अंशी परत मध्यावर.

कॅनपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, चिकटवलेला तो लोकरीचा धागा तुम्ही पाहिला असेल. सगळ्या कॉकपिटमधलं ते सर्वांत प्रामाणिक उपकरण आहे. सेसनात तुम्ही "बॉल जिकडे, पाय तिकडे" असं शिकलात, बॉल म्हणजे विमान तिरकं घसरतंय का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी. धाग्याचं उलट असतं: धाग्याचं मोकळं टोक उजवीकडे गेलं तर डावा पाय. पहिल्या दिवशी इथे सगळ्यांचा गोंधळ होतो, कारण डोळे धागा बघतात आणि पाय बॉलचा नियम पाळतात. मी शिकाऊ पायलटला सांगायचो, धागा जिथे चिकटवलाय ते टोक म्हणजे बाणाचं टोक समजा. बाण ज्या बाजूला दाखवतो तो पाय.

एक सराव इन्स्ट्रक्टरकडे मागून घ्या. क्षितिजावरचा एखादा ठळक डोंगर पकडायचा, नाक त्यावर खिळवायचं, आणि पंख डावी-उजवीकडे वीस-वीस अंश कलते करत राहायचे. नाक त्या डोंगरावरून हलता कामा नये. हडपसरला मी शिकत होतो तेव्हा दिवे घाटाच्या बाजूची डोंगरकड यासाठी वापरायचो. पहिल्यांदा नाक इंग्रजी आठच्या आकड्यासारखं भटकतं. दोन-तीन लॉन्चनंतर पाय आपोआप हलायला लागतात, आणि एकदा हलायला लागले की पुन्हा झोपत नाहीत.

हातांचीही अदलाबदल आहे. सेसनात डाव्या हातात योक (सुकाणू) आणि उजव्यात थ्रॉटल (इंजिनची पॉवर कमी-जास्त करणारा). ग्लायडरमध्ये उजव्या हातात स्टिक, आणि डावा हात उतरताना निळ्या लिव्हरवर, म्हणजे एअरब्रेकवर. एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे: निळी लिव्हर पुढे ढकलली की एअरब्रेक बंद होतात आणि ग्लायडर लांब जातं, मागे ओढली की ते उघडतात आणि ग्लायडर खाली येतं. थ्रॉटलचीही दिशा तीच. पण उतरण्याच्या गडबडीत न बघता हात घालू नका. हिरवी ट्रिमची (स्टिकवरचा दाब कमी करणारी), पिवळी केबल सोडायची, निळी एअरब्रेकची, हे रंग बसल्या बसल्या डोळे मिटून हातानं शोधून पाठ करा आणि प्रत्यक्ष वापरायच्या आधी एकदा नजर टाका. चुकीची लिव्हर धरून ओढत राहिल्यामुळे चांगल्या पायलटांचेही अपघात झालेत. आणि लॉन्चच्या आधी एअरब्रेक बंद आणि लॉक आहेत हे हातानं दाबून तपासायचं, फक्त बघून नाही.

वेग सांभाळण्याबद्दल थोडंच सांगतो. तुमची नजर पॅनेलवर जास्त राहते, हे मी न बघताही सांगू शकतो. वेगमापकाचा काटा उशिरा बोलतो, त्याच्या मागे लागलं की नाक वरखाली होत राहतं. क्षितिज कॅनपीत कुठे दिसतंय ते ठरवा, तिथे धरा, ट्रिम करा आणि हवेचा आवाज ऐका. आवाज कमी झाला म्हणजे वेग कमी झाला. एका लॉन्चला इन्स्ट्रक्टरांना वेगमापक झाकायला सांगा, तुमच्या कानांना काय काय कळतं ते बघून तुम्हाला बरं वाटेल.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो त्या मुद्द्याकडे: उंचीचा हिशोब. हे आपल्या इंदूरच्या नकाशावर समजावतो, म्हणजे डोळ्यांसमोर राहील. कल्पना करा, तुम्ही राजवाड्याच्या वर आहात, जमिनीपासून १,००० फुटांवर, म्हणजे साधारण ३०० मीटर. विमानतळ तिथून पश्चिमेला, सरळ रेषेत साडेपाच-सहा किलोमीटर, बिजासन टेकडीच्या पलीकडे. इंजिन बंद पडलेल्या सेसनाचं ग्लाइड साधारण ९:१, म्हणजे ३०० मीटरमध्ये २.७ किलोमीटर. धावपट्टीचा प्रश्नच नाही. एएसके-२१ चं ग्लाइड सुमारे ३४:१, तेही ९० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला. ३०० मीटरमध्ये दहा किलोमीटर. म्हणजे आरामात पोचाल, वर थोडी उंची उरेल, असं कागद सांगतो.

पण आपल्याकडे उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. समजा समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा आहे. हवेतला वेग ९०, जमिनीवरचा ७०. ३४:१ चं जमिनीच्या हिशोबानं साधारण २६:१ झालं, म्हणजे आठ किलोमीटरला जरा कमी. अजूनही पोचाल, पण वर फारसं उरत नाही. आता यात खाली जाणारी हवा धरा. दुपारी जिथे थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, वर चढतात तिथे त्यांच्या आजूबाजूला हवा खालीही येतेच, आणि सेकंदाला दीड मीटर हे काही फार नाही. ग्लायडर स्वतः ९० च्या वेगाला सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास खाली येतं. दोन्ही मिळून सव्वादोन मीटर. समोरचा वारा धरून हिशोब केला तर ३०० मीटरमध्ये तुम्ही जेमतेम २.६ किलोमीटर जाता.

हा आकडा पुन्हा वाचा. सतरा मीटरचे देखणे पंख असलेलं ग्लायडर, समोरचा वारा आणि खाली जाणारी हवा एकत्र आली की शांत हवेतल्या, इंजिन बंद असलेल्या सेसनाइतकंच जातं. प्रवासभर तशीच हवा मिळेल असं नाही, पण मिळणारच नाही असंही नाही. म्हणून मी कागदावरच्या आकड्याच्या निम्म्यावर विश्वास ठेवतो आणि तेवढ्यातच मैदान डोळ्यांसमोर ठेवतो. आणि इथेच विमानाच्या पायलटची जुनी सवय त्याला दगा देते. मैदान काचेत वर सरकतंय, म्हणजे आपण कमी पडतोय, हे दिसलं की त्याचा हात नाक वर उचलतो. सेसनात त्या हालचालीबरोबर उजवा हात पॉवर देत असतो, म्हणून ती चालते. ग्लायडरमध्ये नाक वर म्हणजे वेग कमी, म्हणजे त्याच वाईट हवेत जास्त वेळ, म्हणजे आणखी कमी अंतर. करायचं नेमकं उलट असतं. खाली जाणाऱ्या हवेतून आणि समोरच्या वाऱ्यातून नाक खाली करून, वेग वाढवून लवकर बाहेर पडायचं. मनाला हे पटवणं सोपं, हाताला पटवणं कठीण.

मी स्वतः हे एका मैदानावर शिकलो. ग्लायडरवर माझे तेव्हा तीसेक लॉन्च झाले होते, विमानावर त्याहून कितीतरी जास्त तास. परतीच्या वाटेवर वारा वाढला होता, मी डाउनविंडला (उतरण्याआधी मैदानाला समांतर, वाऱ्याच्या दिशेनं जायच्या टप्प्यात) जरा लांब गेलो, फायनलला वळल्यावर कुंपण वर सरकताना दिसलं आणि मी नाक उचललं. एकदा, मग पुन्हा एकदा. कुंपणाच्या अलीकडे ज्वारीच्या धसकटांत उतरलो. ग्लायडरला ओरखडाही आला नाही, पण त्या पंधरा सेकंदांत माझा वेग स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, किती जवळ गेला होता हे मला अजून आठवतं. चूक नाक उचलण्याच्या कितीतरी आधी झाली होती. डाउनविंडला, जेव्हा सगळं छान दिसत होतं, तेव्हाच वळायला हवं होतं.

तुमची सर्किटची, म्हणजे उतरण्याआधी मैदानाभोवती घालायच्या फेरीची, सवय कुठून आली तेही पाहा. इंदूरला तुम्ही सर्किटमध्ये असताना एखादी एअरबस येत असली की टॉवर सांगतो, डाउनविंड वाढवा. तुम्ही यशवंत सागर तलावाच्या दिशेनं निघता, मग लांबलचक फायनल, पॉवरवर तरंगत. शंभर वेळा केलेलं अंगात मुरतं. ग्लायडरचं सर्किट जवळचं असतं, कोनावर चालतं. मैदान खांद्याखाली किती खोल दिसतंय ते सतत बघत राहायचं. चपटं दिसायला लागलं की आत सरकायचं, फार खोल दिसलं की बाहेर. अमुक झाडावर वळायचं असं ठरवू नका, दुसऱ्या मैदानावर ते झाड नसतं. अल्टिमीटरच्याही (उंचीमापकाच्या) भरवशावर राहू नका. विमानात तुम्ही क्यूएनएच लावून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दिसेल असा दाब लावून, उडता, इंदूरच्या जमिनीवर उभं असताना काटा १,८५० फुटांच्या आसपास दाखवतो. ग्लायडरवाले बहुतेक वेळा उड्डाणाच्या आधी तो शून्यावर आणतात. या फरकात एखाद्या क्षणी मन गोंधळतं, आणि डोळा मात्र दोन्हीकडे तेच सांगतो.

मग तुमचं दोनदा लांब का गेलं? तुम्ही लिहिलंय की "वेग नीट होता". मला वाटतं तो सेसनाचा नीट वेग होता. सेसनाची फायनल ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. ग्लायडरला शांत वाऱ्यात ९०-९५ पुरतो. वेगमापकावरचा पिवळा त्रिकोण त्यासाठीच असतो, आणि वारा असेल तर मी त्यात वाऱ्याच्या निम्म्याइतकी भर घालतो. तुमच्या डोळ्यांत सेसनाच्या फायनलचं चित्र बसलंय, नाक तेवढंच खाली जातं, आणि वेग ११५ च्या घरात पोचतो. ९५ ऐवजी ११५ म्हणजे फक्त वीसच जास्त वाटतात, पण अंगातली ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. सेसनात थ्रॉटल मागे घेतला की पंखा ब्रेकसारखा अडवतो, फ्लॅप (पंखांमागच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) अडवतात, चाकं अडवतात. ग्लायडरमध्ये अडवणारं काहीच नाही. जमिनीलगत आल्यावर हवेची गादी मिळते आणि ते तरंगत राहतं.

यावर उपाय एअरब्रेक, पण ते शेवटी घाईनं ओढायचे नसतात. फायनलला मुद्दाम थोडं उंच यायचं आणि जादाची उंची अर्धे एअरब्रेक उघडून खर्च करत यायचं. अर्धे यासाठी की दोन्ही बाजूंना जागा राहते. कमी पडायला लागलो तर बंद करायचे, जास्त झालो तर पूर्ण उघडायचे. पूर्ण उघडले की तेच ग्लायडर ७:१ च्या आसपास येतं, म्हणजे सेसनाहूनही कमी अंतर जातं. जमिनीजवळ मात्र एअरब्रेकशी खेळायचं नाही, जिथे आहेत तिथे ठेवायचे. अनेक ग्लायडरमध्ये लिव्हर अगदी शेवटपर्यंत ओढली की चाकाचा ब्रेक लागतो, तेव्हा टेकतानाच ती शेवटपर्यंत ओढलेली नको. आणि तुमची बैठक सेसनापेक्षा बरीच खाली आहे, जवळजवळ जमिनीवर मांडी घातल्यासारखी. सेसनाच्या उंचीवर राउंड आउट कराल, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून उतार मोडाल, तर हवेतच थांबाल आणि धपकन बसाल. पुढे, मैदानाच्या लांबच्या टोकाकडे बघत राहा.

विंचबद्दल एवढंच. पहिले तीन-चार सेकंद धक्का देणारे असतात, मग फक्त आकाश दिसतं. तेव्हा पंखाच्या टोकाकडे बघा, कोन तिथे कळतो. केबल तुटली तर नाक आधी खाली, मग वेग येईपर्यंत थांबायचं, मग निर्णय. नाक खाली गेल्या गेल्या वेग आलेला नसतो. तोवर वळायचं नाही, एअरब्रेक उघडायचे नाहीत. हे इन्स्ट्रक्टर तुमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतील, कंटाळू नका.

मळमळीकडे वळतो, कारण तिचा संबंध एका मोठ्या गोष्टीशी आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये विमानाचं प्रशिक्षण पहाटे चालतं. मालव्याची रात्र गार, जमिनीलगत थंड हवेचा थर बसलेला, सकाळी त्यात पान हलत नाही. दहा-अकरानंतर हवा धक्के द्यायला लागते आणि "आज बंपी आहे" म्हणून सगळे घरी जातात. म्हणजे दीडशे तासांत तुम्ही नेमकी तीच हवा टाळायला शिकलात जिच्यावर ग्लायडर जगतं. गहू काढून मोकळी झालेली काळी जमीन कोरडी झाली की तापते, तिच्यावरची हवा सुटून वर जाते. शेजारच्या ओलिताच्या शेतावर किंवा बिलावलीच्या तलावावर ती तशी सुटत नाही, आणि या दोहोंच्या सीमेवर बऱ्याचदा थर्मल सापडतो. कोरडी हवा दर हजार फुटांना साधारण तीन अंश थंड होत जाते, आणि दवबिंदूही थोडा थोडा उतरत जातो. जमिनीवर ४० अंश आणि दवबिंदू १० असेल तर ढगाचा पाया बारा हजार फुटांच्या आसपास येतो. हे गणित तुम्ही हवामानाच्या पेपरात केलंय. पुढच्या खेपेला मेमधल्या दुपारी गच्चीवर उभे राहून घारींकडे बघा. पंख न हलवता ती घार कुठल्या जमिनीवर वर चढतेय, किती कलून फिरतेय. आता ग्लायडरचं बघा. ९० च्या वेगानं ३० अंश कलून फिरलं तर वर्तुळाची त्रिज्या ११० मीटर होते, ४५ अंशांत ६४. थर्मलचा गाभा लहान असतो, मोठ्या वर्तुळात तुम्ही त्याच्या बाहेर बाहेर फिरता. मात्र ४५ अंशांत स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो, हे विसरून चालणार नाही.

या कललेल्या वर्तुळात तुम्ही डोकं खाली घालून व्हेरिओमीटर (चढतोय की उतरतोय ते दाखवणारं उपकरण) बघत होता, अशी माझी अटकळ आहे. मळमळीचं मुख्य कारण ते. त्याच्या आवाजावर उडा, नजर क्षितिजावर ठेवा. स्टिक स्वतःच्या हातात असली की त्रास कमी होतो, दुसरा उडवत असला की वाढतो, म्हणून वळणं तुम्हीच मागून घ्या. उपाशीपोटी जाऊ नका, तुडुंबही नको. थोडे पोहे चालतील, जिलबी परत आल्यावर. पाणी भरपूर, डोक्यावर मऊ सुती टोपी, कारण कॅनपीखाली ऊन फार लागतं. तरीही मळमळलं तर स्पष्ट सांगून खाली या. बहुतेकांची ती आठ-दहा उड्डाणांत जाते.

विमानात उपयोग होईल का? २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मधलं इंधन ४१,००० फुटांवर संपलं. पाउंड आणि किलो यांच्या हिशोबात गल्लत झाली होती. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन अनुभवी ग्लायडर पायलट होते. कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर ते जरा जास्तच उंचीवर पोचले, तेव्हा त्यांनी एवढं मोठं विमान स्लिपमध्ये टाकून, म्हणजे एक पंख खाली आणि रडर उलट देऊन, उंची कमी केली आणि उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. स्लिप ही हातापायांची साधी गोष्ट आहे, ग्लायडरवाले ती नेहमी करतात. तुम्ही सेसनात ती करण्याआधी मात्र विमानाच्या पुस्तकात फ्लॅप आणि स्लिपबद्दलची सूचना वाचा आणि पहिल्यांदा इन्स्ट्रक्टरसोबतच करा. रोजचा उपयोग याहून साधा आहे: वळणं स्वच्छ होतील, आणि उडता उडता "आत्ता इंजिन थांबलं तर कुठलं शेत" हा विचार सुरू राहील. परीक्षेपुरता न राहता तो सवयीचा होईल.

सध्या तीनच गोष्टींवर लक्ष द्या. धागा मध्यावर. नाक क्षितिजावर ठरलेल्या जागी. आणि मैदान कायम निम्म्या ग्लाइडच्या आत. थर्मल, लांब उड्डाणं हे सगळं नंतर आपोआप येईल. सेसना मधल्या काळात बंद करायची गरज नाही, फक्त एकाच दिवशी दोन्ही उडवू नका, निदान सोलो होईपर्यंत तरी.

किती लॉन्च लागतील हा प्रश्न राहिला. माझ्याकडे आलेल्या विमानवाल्यांपैकी काही पंधराव्या लॉन्चनंतर सोलोला तयार झाले, काहींना चाळीस लागले, आणि ज्यांना चाळीस लागले त्यांतले दोघे आज माझ्यापेक्षा चांगले उडतात. तुमच्यासाठी आकडा सांगायचा तर मला तुमची नोंद लागेल. पुढच्या खेपेला एक छोटी वही ठेवा. दर लॉन्चला चार आकडे: केबल कितीवर सुटली, डाउनविंडला मैदानासमोर आलात तेव्हा उंची किती, फायनलचा वेग किती, आणि ठरवलेल्या जागेपासून किती मीटर पुढे किंवा मागे टेकलात. खाली उतरल्या उतरल्या लिहा, संध्याकाळी आठवून नाही. दहा लॉन्च झाले की ते पान मला पाठवा, मग आकडा सांगतो.